मुक्तीचे शुल्क : इंग्लंडमधील निर्धन ऋणको आणि कर्जमुक्तीच्या कायदेशीर पर्यायांचा इतिहास

गोषवारा

शासकीय निर्वाह लाभावर जगणाऱ्या कर्जबाजारी व्यक्तीस कायद्याने कोणते मार्ग उपलब्ध करून दिले आणि त्या मार्गांवर जाण्यासाठी तिच्याकडून काय मागितले, याचा ऐतिहासिक आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे. अभ्यासाचे मुख्य क्षेत्र इंग्लंड व वेल्स हे असून स्कॉटलंड, अमेरिका आणि न्यूझीलंड येथील अनुभवांचा तुलनेपुरता विचार केला आहे. ज्याच्याजवळ काहीच नाही त्याच्याकडूनच कर्जमुक्तीचे मूल्य मागण्याची परंपरा इंग्रजी कायद्यात दीर्घकाळ टिकून राहिली. २००९ मध्ये अमलात आलेल्या कर्जमुक्ती आदेशाने ती मोडण्यास प्रारंभ केला, आणि २०२४ मध्ये या आदेशाचे शुल्क रद्द झाल्याने हा बदल एका टप्प्यापर्यंत पूर्ण झाला, असे प्रतिपादन येथे केले आहे. शेवटी महाराष्ट्रातील ऋणनिवारणाच्या कायद्यांशी या इतिहासाचे असलेले नाते स्पष्ट केले आहे.

प्रस्तावना

कर्जाचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष प्रायः सावकार, बँका आणि व्यापार यांच्याकडे जाते. ऋणकोचा विचार झाला तरी तो शेतकरी अथवा व्यापारी या नात्याने होतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य देशांत मात्र ऋणकोंचा एक निराळा वर्ग पुढे आला. बेकारी, आजारपण, अपंगत्व, वार्धक्य किंवा एकट्याने मुलांचे संगोपन करण्याची जबाबदारी यांमुळे हा वर्ग शासनाकडून मिळणाऱ्या लाभावर जगतो. त्याच्यापाशी जप्त करण्याजोगी मालमत्ता नसते आणि हप्ता देण्याजोगी शिल्लकही नसते. घरभाडे, वीज, नगरपालिकेचा कर आणि किरकोळ उधारी यांची थकबाकी मात्र साचत जाते.

अशा व्यक्तीपुढे इंग्लंडमध्ये आज मुख्यतः तीन औपचारिक मार्ग आहेत : दिवाळखोरी, धनकोंशी केलेला वैयक्तिक ऐच्छिक समझोता आणि कर्जमुक्ती आदेश. कागदावर हे तीनही मार्ग खुले दिसतात. प्रत्यक्षात प्रत्येक मार्गाच्या प्रवेशद्वारी काही ना काही मागितले जाते, आणि हे मागणे कोणत्या काळात का निर्माण झाले हे समजल्याखेरीज या निवडीचे स्वरूप उलगडत नाही.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) निर्धन ऋणकोविषयीच्या इंग्रजी कायद्याचे टप्पे निश्चित करणे.
२) दिवाळखोरी, ऐच्छिक समझोता व कर्जमुक्ती आदेश या पर्यायांचा लाभावर जगणाऱ्या व्यक्तीच्या दृष्टीने अर्थ लावणे.
३) शासन स्वतःच धनको असते तेव्हा उद्भवणाऱ्या प्रश्नांचा विचार करणे.
४) महाराष्ट्रातील ऋणनिवारणाच्या परंपरेशी या इतिहासाचा संबंध तपासणे.

कारागृह आणि त्याचे शुल्क

अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये धनकोस कर्ज वसूल करण्यासाठी ऋणकोच्या शरीरावरच अधिकार होता. लंडनमधील फ्लीट, मार्शलसी आणि किंग्ज बेंच ही कारागृहे प्रामुख्याने ऋणकोंसाठी ओळखली जात. तेथील कारभार एखाद्या किफायतशीर धंद्यासारखा चाले. बंदिवानास खोलीचे भाडे, अंथरूण, बेड्या काढणे अशा प्रत्येक गोष्टीसाठी कारागृहाधिकाऱ्यास पैसे मोजावे लागत. १७२९ मध्ये जेम्स ओगलथॉर्प यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीने फ्लीट व मार्शलसी येथील अत्याचार उघडकीस आणले. पुढे १७७३ मध्ये बेडफर्डशायरचे शेरीफ झालेल्या जॉन हॉवर्ड यांना असे आढळले, की निर्दोष ठरलेली माणसेही कारागृहाचे शुल्क देता न आल्यामुळे आतच राहत होती. १७७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कारागृहविषयक ग्रंथाने हा प्रश्न सार्वजनिक चर्चेत आणला.

सुटकेसाठी शुल्क आणि शुल्क नाही म्हणून सुटका नाही, हे तर्कशास्त्र येथे प्रथम ठळकपणे दिसते. कारागृहे गेली, परंतु हा तर्क निराळ्या रूपांत पुढे चालू राहिला.

सुधारणेची गती मंद होती. १८१३ च्या कायद्याने नादार ऋणकोंसाठी स्वतंत्र न्यायालय स्थापन झाले. चार्ल्स डिकन्स यांचे वडील १८२४ मध्ये मार्शलसीतून बाहेर पडले ते या नादारीच्या कायद्याचा आधार घेऊनच. फ्लीट व मार्शलसी ही दोन्ही कारागृहे १८४२ मध्ये बंद झाली. तथापि ‘दिवाळखोरी’ ही सवलत १८६१ पर्यंत व्यापाऱ्यांपुरतीच मर्यादित होती. व्यापाऱ्याचे नुकसान हे दुर्दैव आणि मजुराची थकबाकी हा दुर्गुण, अशी वर्गीय विभागणीच त्यामागे होती. १८६९ च्या ऋणको कायद्याने कर्जासाठीची कैद सामान्यतः रद्द केली. परंतु देण्याची ऐपत असूनही न देणाऱ्यास सहा आठवड्यांपर्यंत कैदेत ठेवण्याचा अधिकार काउंटी न्यायालयांकडे राहिला. ‘ऐपत’ या शब्दाचा अर्थ सैलपणे लावला गेल्याने हजारो कामगार त्यानंतरही कारागृहात गेले. सामान्य दिवाणी कर्जाबाबतची ही तरतूद पेन समितीच्या १९६९ च्या अहवालानंतर, १९७० च्या कायद्याने संपुष्टात आली. म्हणजेच कल्याणकारी राज्याची उभारणी होऊन दोन दशके उलटल्यावर गरीब ऋणकोच्या शरीरावरील दावा पूर्णतः सोडण्यात आला.

प्रशासन आदेश : ‘गरिबाची दिवाळखोरी’

जोसेफ चेंबरलेन व्यापार मंडळाचे अध्यक्ष असताना संमत झालेल्या १८८३ च्या दिवाळखोरी कायद्यात ५० पौंडांपर्यंत कर्ज असलेल्यांसाठी ‘प्रशासन आदेश’ ही सोय करण्यात आली. ऋणकोने काउंटी न्यायालयात ठरावीक हप्ता भरावा, न्यायालयाने तो सर्व धनकोंत वाटावा आणि योग्य वाटल्यास कर्जाचा काही अंशच भरून घेऊन उर्वरित माफ करावे, अशी ही योजना होती. गरिबाची परिस्थिती लक्षात घेऊन आखलेला हा पहिला महत्त्वाचा उपाय म्हणता येईल.

परंतु त्याचा पाया वेतन हा होता. दर आठवड्याला थोडी का होईना मिळकत हाती येते आणि तीतून काही बाजूला काढता येते, हे त्यात गृहीत धरले होते. १९४८ नंतर राष्ट्रीय विमा आणि राष्ट्रीय साहाय्य यांच्या रूपाने शासकीय लाभाची व्यवस्था उभी राहिली, तेव्हा या गृहीतकाची मर्यादा स्पष्ट झाली. लाभाची रक्कम निर्वाहापुरतीच ठरवलेली असते. तीतून हप्ता काढणे म्हणजे अन्न, भाडे अथवा इंधन यांपैकी कशावर तरी पाणी सोडणे होय. शिवाय या आदेशाची कमाल कर्जमर्यादा १९८१ मध्ये ५,००० पौंड झाली आणि तेथेच थांबली. वाढत्या ग्राहककर्जाच्या काळात हा मार्ग जवळजवळ निरुपयोगी ठरला.

दाराशी मागितलेली अनामत

सर केनेथ कॉर्क यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८२ मध्ये नादारी कायद्याचा व्यापक आढावा घेतला. त्यातून आलेल्या १९८६ च्या नादारी कायद्याने वैयक्तिक ऐच्छिक समझोत्याची सोय केली. पुढे २००२ च्या उद्योग कायद्यानुसार एप्रिल २००४ पासून दिवाळखोरीतून मुक्त होण्याचा सामान्य कालावधी एक वर्षावर आला. दिवाळखोराचे उत्पन्न केवळ शासकीय लाभाचे असेल, तर त्याच्याकडून मासिक रक्कम घेतली जात नाही. तेव्हा लाभावर जगणाऱ्यास दिवाळखोरी हा सर्वांत सोयीचा मार्ग ठरावा, असे प्रथमदर्शनी वाटते.

अडचण दारातच होती. स्वतःच्या दिवाळखोरीचा अर्ज करणाऱ्यास न्यायालयीन शुल्काखेरीज ऑफिशियल रिसीव्हरच्या खर्चापोटी अनामत भरावी लागे. लाभधारकास न्यायालयीन शुल्क माफ होऊ शके, अनामत मात्र होत नसे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, अनामतीची रक्कम २५० पौंड असताना, ती भरू न शकणाऱ्या एका स्त्रीने या सक्तीलाच आव्हान दिले. न्यायालयात दाद मागण्याचा मूलभूत अधिकार यामुळे हिरावला जातो, असा तिचा युक्तिवाद होता. अपील न्यायालयाने १९९९ मध्ये तो अमान्य केला. अनामत ही न्यायालयाची पायरी चढण्याची किंमत नसून राज्य पुरवीत असलेल्या एका सेवेचे मूल्य आहे, अशी न्यायालयाची भूमिका होती. पुढे ही रक्कम वाढतच गेली. २०१६ मध्ये अर्ज न्यायालयाऐवजी प्रशासकीय अधिकाऱ्याकडे करण्याची पद्धत आली आणि त्याच वर्षी एकूण आकार ६८० पौंडांवर पोहोचला.

अमेरिकेत हाच प्रश्न त्यापूर्वी पाव शतक उपस्थित झाला होता. न्यूयॉर्कमधील एक बेकार गृहस्थ कुटुंबासह सार्वजनिक मदतीवर जगत होता. दिवाळखोरीच्या अर्जाचे ५० डॉलर त्याच्यापाशी नव्हते. जानेवारी १९७३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी हे शुल्क वैध ठरवले. न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी बहुमताच्या निकालात साप्ताहिक हप्त्याची तुलना चित्रपटाच्या तिकिटाशी आणि सिगारेटच्या एकदोन पाकिटांशी केली. न्यायमूर्ती थरगुड मार्शल यांनी भिन्नमतपत्रिकेत यावर कठोर टीका केली. अनेक गरीब माणसे चित्रपटास जातच नाहीत आणि सिगारेटचे पाकीटही त्यांना चैनीचे असते, याकडे लक्ष वेधून, गरिबांच्या जगण्याविषयीच्या निराधार समजुतींवर निकाल बेतला जाऊ नये असे त्यांनी बजावले. २००५ च्या सुधारणेने अमेरिकेत अत्यल्प उत्पन्न असणाऱ्यांना शुल्कमाफीची तरतूद मिळाली, ती या निकालानंतर ३२ वर्षांनी.

दोन्ही निकालांत एक समान सूत्र आहे. कर्जमुक्ती हा हक्क नसून राज्याने देऊ केलेली सवलत आहे आणि सवलतीच्या अटी राज्य ठरवील, हे ते सूत्र होय. थोडक्यात, ज्याचे दिवाळे पूर्णपणे वाजले आहे त्याला दिवाळखोरी परवडत नव्हती.

‘काही नाही’ हीच पात्रता

या विसंगतीची दखल २००४ मध्ये इंग्लंडच्या घटनात्मक व्यवहार विभागाने आणि २००५ मध्ये नादारी सेवा विभागाने आपापल्या विचारार्थ प्रस्तावांत घेतली. ज्यांच्याकडे उत्पन्नही नाही आणि मालमत्ताही नाही अशांचा स्वतंत्र वर्ग मानून त्यांच्यासाठी वेगळी पद्धत सुचवण्यात आली. न्यूझीलंडने २००६ च्या नादारी कायद्यात याच धर्तीवर ‘मालमत्ताविरहित’ ऋणकोंची पद्धत स्वीकारली होती. इंग्लंडमध्ये २००७ च्या कायद्याने कर्जमुक्ती आदेशाची तरतूद झाली आणि एप्रिल २००९ पासून तो अमलात आला.

या आदेशासाठी न्यायालयात जावे लागत नाही. मान्यताप्राप्त सल्लागार संस्थेतील अधिकृत मध्यस्थ अर्ज तयार करतो आणि ऑफिशियल रिसीव्हर त्यावर निर्णय घेतो. आदेशानंतर १२ महिने त्यात नोंदवलेल्या धनकोंना वसुली करता येत नाही आणि परिस्थितीत सुधारणा न झाल्यास मुदतीअखेर ती कर्जे रद्द होतात. आरंभी पात्रतेच्या मर्यादा कडक होत्या : कर्ज १५,००० पौंडांपर्यंत, मालमत्ता ३०० पौंडांपर्यंत आणि मासिक शिल्लक ५० पौंडांपर्यंत. कर्जाची मर्यादा २०१५ मध्ये २०,०००, २०२१ मध्ये ३०,००० आणि जून २०२४ मध्ये ५०,००० पौंड करण्यात आली. मालमत्तेची मर्यादा २०१५ मध्ये १,००० व २०२१ मध्ये २,००० पौंड, तर मासिक शिल्लकेची मर्यादा २०२१ मध्ये ७५ पौंड झाली.

वैचारिकदृष्ट्या हा बदल मूलगामी होता. प्रशासन आदेशात हप्ता देण्याची ऐपत ही पात्रता होती. येथे ऐपतीचा अभाव ही पात्रता झाली. असे असूनही ९० पौंडांचे शुल्क कायम होते. ते हप्त्यांनी भरता येई आणि अनेकदा धर्मादाय संस्था ते भरीत. गरिबीचे प्रमाणपत्र मिळवण्यासाठी आधी दुसऱ्यापुढे हात पसरावा लागे, हा यातील विरोधाभास १५ वर्षे टिकला. ६ एप्रिल २०२४ पासून हे शुल्क रद्द झाले. त्या वर्षी दिलेल्या आदेशांची संख्या योजनेच्या आरंभापासूनच्या कोणत्याही वर्षापेक्षा अधिक होती. वाढीव कर्जमर्यादेचाही त्यात वाटा असला, तरी शुल्काचा अडसर किती खरा होता याची ही साक्ष मानता येईल.

स्कॉटलंडने याबाबत अधिक स्पष्ट भूमिका घेतली. तेथे २००८ मध्ये अल्प उत्पन्न व अल्प मालमत्ता असणाऱ्यांसाठी दिवाळखोरीचा स्वतंत्र मार्ग खुला झाला आणि २०१५ मध्ये त्याची जागा ‘किमान मालमत्ता प्रक्रिये’ने घेतली. विशिष्ट लाभ सहा महिने घेत असणे हाच तेथे हप्ता देण्याच्या असमर्थतेचा पुरावा मानला जातो. ज्याचे संपूर्ण उत्पन्न लाभाचे आहे, त्याच्याकडून दिवाळखोरीत अंशदान घेतले जात नाही.

निवडीचे प्रत्यक्ष स्वरूप

इतिहासाचा हा पट लक्षात घेतला, की लाभावर जगणाऱ्या व्यक्तीची निवड किती अवघड असते हे ध्यानात येते. ऐच्छिक समझोत्यात आरंभी मोठी रक्कम भरावी लागत नाही. समझोता चालवणाऱ्या व्यावसायिकाचा मोबदला मासिक हप्त्यांतूनच घेतला जातो, त्यामुळे तो वरकरणी सुलभ वाटतो. परंतु तो सामान्यतः पाच वर्षे चालतो. निर्वाहाच्या रकमेतून पाच वर्षे हप्ता काढणे बहुधा अशक्य असते, आणि तो मध्येच मोडला तर भरलेल्या रकमेचा मोठा भाग मोबदल्यात गेलेला असून मूळ कर्ज पुन्हा उभे राहते. घर किंवा नियमित वेतन असलेल्यास जो मार्ग उपकारक ठरतो, तोच निर्धनास बाधक ठरू शकतो.

कर्जमुक्ती आदेशही निर्वेध नाही. स्वतःचे घर असणाऱ्यास तो मिळत नाही. एकदा आदेश मिळाला, की सहा वर्षे दुसरा मिळत नाही. दंड, विद्यार्थीकर्ज व मुलांच्या पोषणाची देणी त्यातून सुटत नाहीत. सर्वांत गंभीर बाब घरभाड्याची आहे. भाड्याची थकबाकी आदेशात समाविष्ट होते आणि घरमालकास ती वसूल करता येत नाही. तथापि थकबाकीच्या कारणावरून घराचा ताबा मागण्याचा त्याचा अधिकार अबाधित राहतो, असा निर्णय अपील न्यायालयाने २०११ मध्ये दिला. कर्ज सुटले आणि घर गेले, अशी अवस्था त्यातून उद्भवू शकते. म्हणूनच कोणते कर्ज आधी हाताळावे हा प्रश्न केवळ हिशेबाचा राहत नाही.

शासन धनको असते तेव्हा

१९८८ मध्ये सुरू झालेल्या सामाजिक निधीने गरजू लाभधारकांना अनुदानाऐवजी अनेक बाबतींत कर्ज देण्याची प्रथा पाडली. या कर्जाचे हप्ते लाभातूनच परस्पर कापले जात. चुकून जादा दिलेल्या लाभाची वसुलीही याच रीतीने होई. कर्जमुक्ती आदेशानंतरही ही कपात चालू ठेवता येते काय, या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०११ मध्ये ऋणकोच्या बाजूने निर्णय दिला. स्थगितीच्या काळात शासनही अन्य धनकोंप्रमाणेच बांधलेले आहे, असा त्याचा आशय होता. शासनाने २०१२ मध्ये नियम बदलून सामाजिक निधीची कर्जे आदेशाच्या कक्षेबाहेर काढली. इतर धनकोंना माघार घेण्यास सांगणारे राज्य स्वतःच्या येण्याबाबत तेवढे उदार नव्हते.

त्यानंतर आलेल्या युनिव्हर्सल क्रेडिट या एकत्रित लाभातही कपातीचा प्रश्न राहिला. मूळ भत्त्यातून करावयाच्या कपातीची सर्वसाधारण कमाल मर्यादा २०१९ मध्ये ४० टक्क्यांवरून ३०, २०२१ मध्ये २५ आणि एप्रिल २०२५ मध्ये १५ टक्के करण्यात आली. मर्यादा उतरत गेली हे स्वागतार्ह असले, तरी निर्वाहासाठी ठरवलेल्या रकमेचा दोन-पंचमांश भाग कधीकाळी कापता येत होता, ही गोष्ट नोंद घेण्यासारखी आहे.

महाराष्ट्राशी असलेले नाते

हा इतिहास महाराष्ट्रास सर्वस्वी परका नाही. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सुरू झालेल्या दख्खनच्या दंग्यांनंतर चौकशी आयोग नेमला गेला आणि १८७९ चा दख्खन कृषक साहाय्य कायदा संमत झाला. या कायद्याने पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्यास अटक करून कैदेत ठेवण्यास मनाई केली व शेतकऱ्यांच्या नादारीसाठी स्वतंत्र तरतूद केली. इंग्लंडमधील १८६९ च्या कायद्यानंतर दहाच वर्षांनी हे घडले. विशेष म्हणजे, इंग्लंडमधील कामगार १९७० पर्यंत कर्जाच्या कैदेस पात्र असताना, या कायद्याच्या कक्षेतील दख्खनचा शेतकरी त्यापासून नऊ दशके आधी मुक्त झाला होता.

स्वातंत्र्योत्तर काळात महाराष्ट्राने वेगळी वाट धरली. १९७५ च्या महाराष्ट्र ऋणमुक्ती कायद्याने अल्पभूधारक, ग्रामीण कारागीर, शेतमजूर व कामगार यांची विशिष्ट कर्जे रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये हा कायदा वैध ठरवला. इंग्लंडमधील मुक्ती ही एकेका व्यक्तीने अर्ज करून, स्वतःची निर्धनता सिद्ध करून मिळवायची असते. येथे ती संपूर्ण वर्गास दिली गेली. पहिल्या पद्धतीत गरजवंताची पारख होते, परंतु जो अर्जापर्यंत पोहोचत नाही तो वंचित राहतो. दुसऱ्या पद्धतीत अर्जाचा अडथळा नसतो, पण ती एकदाच घडते. पुढल्या वर्षी कर्जात बुडणाऱ्यास तिचा उपयोग नसतो.

भारताच्या २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत ‘नवी सुरुवात’ या नावाचे प्रकरण आहे. वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपये, मालमत्ता २०,००० रुपये आणि पात्र कर्ज ३५,००० रुपये यांहून अधिक नसलेल्या, स्वतःचे घर नसलेल्या व्यक्तीसाठी ते योजलेले आहे. त्याची घडण इंग्लंडच्या कर्जमुक्ती आदेशाशी निकटची आहे. मात्र १ डिसेंबर २०१९ रोजी संहितेचा व्यक्तींविषयीचा भाग लागू झाला तो कंपन्यांच्या कर्जास वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. सर्वांत निर्धन ऋणकोसाठी लिहिलेले प्रकरण त्या वेळी बाजूला राहिले.

निष्कर्ष

१) इंग्रजी कायद्याने निर्धन ऋणकोकडून प्रथम त्याचे शरीर, नंतर त्याचे भावी वेतन आणि अखेरीस प्रवेशशुल्क मागितले. कर्जमुक्ती आदेशाच्या बाबतीत हे शेवटचे मागणे २०२४ मध्ये संपले. दिवाळखोरीच्या बाबतीत तो प्रश्न त्यानंतरही उरला.

२) लाभावर जगणाऱ्यासाठी कर्जमुक्तीच्या पर्यायांची निवड कर्जाच्या रकमेपेक्षा भाड्याचे घर, शासनाची देणी आणि निर्वाहाची शाश्वती यांवर अधिक अवलंबून असते. योग्य सल्ल्याअभावी केलेली निवड पाच वर्षांचे हप्ते किंवा राहते घर एवढी महाग पडू शकते.

३) राज्य मदतकर्ता आणि धनको अशा दोन्ही भूमिकांत असते, तेव्हा कर्जमुक्तीचा कायदा स्वतःलाही लागू करून घेण्याची त्याची तयारी मर्यादित असते, हे २०११-१२ मधील घटनाक्रमावरून दिसते.

४) भारतात ‘नवी सुरुवात’ प्रक्रियेचा विचार होईल तेव्हा इंग्लंडचा हा अनुभव मार्गदर्शक ठरावा. कायद्याचे दार उघडे ठेवून उंबरठ्यावर शुल्क ठेवले, तर ज्याच्यासाठी ते दार आहे तोच बाहेर राहतो. फ्लीटच्या कारागृहापासून अनामतीच्या पावतीपर्यंतचा इतिहास हेच सांगतो.